प्रकाशाच्या श्रुती ओळखणारा शास्त्रज्ञ : सर चंद्रशेखर वेंकट रामन

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत एका तमिळ शास्त्रज्ञाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, गोमतीच्या काठी राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी ज्ञानेश्वर-तुकारामांचे स्मरण करावे, टिळक-आगरकरांचे करावे, हे स्वाभाविकच आहे. परंतु लखनऊ छावणीत राहणाऱ्या आम्हां मंडळींना रामन यांचे चरित्र फार जवळचे वाटते. सैन्यात असो, रेल्वेत असो की हिशेबखात्यात असो, आपल्यापैकी बहुतेकांचे आयुष्य बदलीच्या हुकुमाने घडलेले आहे. रामन यांनीही ऐन तारुण्याची दहा वर्षे याच हुकुमाखाली काढली; त्यांतील काही काळ ते आपल्या नागपुरात होते. त्यांच्या संशोधनाला निर्णायक वळण देणारे टिपण मुंबईच्या बंदरातून जगापुढे गेले. आणि त्यांच्या एका आग्रही मताला धक्का दिला तो एका मराठी मुलीने. एवढे धागे असताना हे चरित्र आपल्या स्मरणिकेत परके ठरेल, असे आम्हांस वाटत नाही.

चंद्रशेखर वेंकट रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्ली येथे झाला. वडील चंद्रशेखर अय्यर हे गणित व पदार्थविज्ञान शिकवीत. रामन चार वर्षांचे होण्याच्या सुमारास वडिलांना विशाखापट्टणम येथील महाविद्यालयात जागा मिळाली आणि कुटुंब तमिळ मुलुख सोडून तेलुगू प्रांतात गेले. घरात पुस्तके होती आणि संगीताचे सूरही होते. मुलगा विलक्षण बुद्धीचा निघाला. वयाच्या अकराव्या वर्षी तो मॅट्रिक झाला, १९०४ मध्ये मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून पहिल्या क्रमांकाने बी. ए. झाला आणि १९०७ मध्ये एम. ए. झाला. विद्यार्थिदशेतच, १९०६ साली, त्याचा पहिला शोधनिबंध लंडनच्या एका मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता.

अशा मुलाने विलायतेस जावे, ही त्या काळची रीत होती. परंतु प्रकृती तपासणाऱ्या इंग्रज शल्यचिकित्सकाने तेथील हवा या कृश मुलाला मानवणार नाही असे मत दिले आणि तो मार्ग बंद झाला. हिंदुस्थानात तर विज्ञानावर पोट भरेल अशी सोय जवळजवळ नव्हती. तेव्हा घरच्या वडीलधाऱ्यांच्या विचाराने रामन हिशेबखात्याच्या स्पर्धा परीक्षेस बसले व पहिले आले. त्याच १९०७ साली लोकसुंदरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि नवविवाहित दांपत्य कलकत्त्यास रवाना झाले. अठरा वर्षांचा हा तरुण तेथे सहायक महालेखापाल म्हणून रुजू झाला. पगार उत्तम, मान मोठा, पुढची वाट आखलेली. तुमच्या-आमच्या हिशेबाने संसाराचे भले झाले होते.

पण एके दिवशी ट्रॅममधून जाताना बहूबाजार रस्त्यावर त्यांना एक पाटी दिसली. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली स्थापन केलेली विज्ञानसंवर्धक संस्था ती हीच. मोठी वास्तू, चांगली उपकरणे, आणि त्यांना हात लावणारे मात्र कोणी नाही, अशी तिची अवस्था होती. रामन आत गेले आणि त्या दिवसापासून त्यांचे जीवन दोन भागांत वाटले गेले. कचेरीच्या वेळेआधी प्रयोगशाळा, मग कचेरी, आणि कचेरी सुटल्यावर रात्रीपर्यंत पुन्हा प्रयोगशाळा. १९०९ मध्ये रंगूनची बदली आली, १९१० मध्ये नागपूरची. प्रयोगशाळा दुरावली, तरी काम थांबले नाही. राहत्या घरातच जमेल तेवढी उपकरणे मांडून त्यांनी अभ्यास चालू ठेवला. पतीच्या या वेडाशी जुळवून घेत लोकसुंदरीबाईंनी गावोगाव बिऱ्हाड मांडले आणि मोडले. छावणीतील आमच्या भगिनींना या कष्टांची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. १९११ मध्ये ते कलकत्त्यास परतले आणि मग तेथेच स्थिरावले.

रामन यांचे सुरुवातीचे बरेचसे काम ध्वनीवरचे आहे, ही गोष्ट लखनऊकरांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. व्हायोलिन, वीणा, तंबोरा यांच्या तारा कशा कंप पावतात, याचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. नुसते ताणलेले कातडे बडविले तर त्यातून निघणारे उपस्वर एकमेकांशी सुसंवादी नसतात, मग तबला आणि मृदंग सुरात कसे बोलतात, हा त्यांचा प्रश्न होता. कातड्यावर चढविलेली शाई हे त्याचे रहस्य होय. त्या शाईच्या वजनामुळे कातड्याची कंपने अशी बदलतात की मूळ स्वर आणि त्याचे उपस्वर एका सरळ गणिती प्रमाणात येऊन बसतात. हे रामन यांनी १९२० मध्ये दाखवून दिले. आपल्या अनामिक कारागिरांनी कानाने साधलेली गोष्ट त्यांनी शास्त्राच्या भाषेत मांडली. त्यानंतर सहाच वर्षांनी, १९२६ साली, पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या परिश्रमांतून याच लखनऊ शहरात मॅरिस संगीत महाविद्यालय उभे राहिले. पंडितजींनी घराण्यांच्या कंठातील चिजा स्वरलिपीत आणल्या. रामन यांच्याकडून तर साऱ्या सृष्टीतील रेणूंचे स्वर लिहून घेण्याची विद्या जगाला मिळायची होती.

१९१७ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात कसोटीचे ठरले. कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले सर आशुतोष मुखर्जी यांच्या पुढाकाराने पदार्थविज्ञानाचे पालित अध्यासन निर्माण झाले होते आणि ते रामन यांना देऊ करण्यात आले. प्राध्यापकाचा पगार सरकारी पगाराच्या जवळजवळ निम्मा होता. हिशेबखात्यात ते सर्वोच्च पदापर्यंत जातील, असे वरिष्ठांना वाटत होते. हाती असलेले सोडून अनिश्चिताच्या मागे जाणे शहाणपणाचे नव्हे, असेच कोणत्याही जाणत्या माणसाने सांगितले असते. रामन यांनी राजीनामा दिला. आकडेमोडीत मुरलेल्या या अधिकाऱ्याने आपल्या आयुष्याचा हिशेब मात्र वेगळ्या वहीत मांडला.

१९२१ च्या उन्हाळ्यात साम्राज्यातील विद्यापीठांच्या परिषदेसाठी ते प्रथमच विलायतेस गेले. परतताना नारकुंडा नावाच्या बोटीवरून भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग पाहून त्यांचे मन थबकले. समुद्राची निळाई म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, असे लॉर्ड रॅले यांच्यासारख्या अधिकारी पुरुषाचे मत होते. रामन यांच्या खिशात निकोलचा लहानसा लोलक होता. पाण्यावरून परावर्तित होणारे आकाशाचे तेज त्यांनी त्या लोलकाने अडविले. तरीही निळाई गेली नाही, उलट अधिकच खुलली. म्हणजे पाण्याचे रेणू स्वतःच प्रकाश विखुरतात, असे त्यांच्या लक्षात आले. बोट मुंबई बंदरात लागली आणि त्यांनी सप्टेंबर १९२१ मध्ये तेथूनच आपले टिपण विलायतेतील नियतकालिकाकडे धाडले. साध्या समुद्रप्रवासातून एवढा मोठा प्रश्न हाती घेऊन कोणी मुंबईच्या धक्क्यावर उतरल्याची उदाहरणे थोडीच असतील.

पुढची सात वर्षे त्यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी या एकाच प्रश्नाचा पाठपुरावा केला. १९२३ मध्ये के. आर. रामनाथन यांना अत्यंत शुद्ध पाण्यातही विखुरलेल्या प्रकाशात एक क्षीण, निराळ्या रंगाची छटा दिसली. ती अशुद्धतेमुळे असावी असा प्रथम समज झाला; पण द्रव कितीही शुद्ध केला तरी छटा जाईना. १९२८ च्या आरंभी वेंकटेश्वरन यांना ग्लिसरीनमध्ये तीच गोष्ट अधिक स्पष्टपणे आढळली. तेव्हा रामन यांनी आपले अत्यंत कुशल शिष्य के. एस. कृष्णन यांना या कामास बसविले. अनेक द्रव व वायू तपासले गेले. अखेर २८ फेब्रुवारी १९२८ रोजी वर्णपटदर्शकातून पाहताना मूळ प्रकाशाच्या रेषेशेजारी नव्या रेषा निःसंशयपणे दिसल्या. हाच तो जगप्रसिद्ध रामन परिणाम. याच सुमारास मॉस्कोत लान्द्सबेर्ग व मांडेलश्टाम या शास्त्रज्ञांनाही स्फटिकांमध्ये हीच गोष्ट स्वतंत्रपणे आढळली होती. परंतु रामन यांचे निवेदन आधी प्रसिद्ध झाले. १९३० चे नोबेल पारितोषिक एकट्या रामन यांना मिळाले. विज्ञानातील हा सन्मान मिळविणारे ते पहिले आशियाई होत. कृष्णन यांचा या शोधातील वाटा मोठा होता, हे येथे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

या नव्या रेषांचा अर्थ काय, हे सोप्या शब्दांत सांगण्याचा प्रयत्न करतो. रेणू म्हणजे स्प्रिंगांनी जोडलेल्या गोळ्यांसारखी अणूंची जुळणी. ती सतत थरथरत असते. मात्र ही थरथर कशीही चालत नाही. सतारीच्या पडद्यांप्रमाणे तिच्या जागा ठरलेल्या असतात, असे पुंजवाद सांगतो. प्रकाशाचा कण रेणूवर आदळला की बहुधा जसाच्या तसा परततो. परंतु कोट्यवधींतून एखादा आपल्या ऊर्जेचा थोडा अंश रेणूला देतो किंवा रेणूकडून घेतो, आणि त्याचा रंग बदलतो. तो नेमका किती बदलला हे मोजले की रेणूची कंपने कळतात. पाण्याच्या रेषा निराळ्या, बेन्झिनच्या निराळ्या. अंगठ्याच्या ठशावरून माणूस ओळखावा, तसा या वर्णपटावरून रेणू ओळखता येतो. आज औषधातील भेसळ, हिऱ्याची जात, स्फोटकांचा अंश हे सारे कुपी न फोडता रामन-उपकरणाने तपासता येते. औषधांवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था १९५१ पासून ज्या नगरीत आहे, त्या लखनऊच्या रहिवाशांना याचे मोल सहज पटेल.

१९३३ मध्ये रामन बंगलोरच्या टाटा विज्ञानसंस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. याच वर्षी मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन कमला भागवत ही तरुणी त्या संस्थेत प्रवेशासाठी आली. तिचे वडील आणि चुलते याच संस्थेत शिकले होते. दुर्गाबाई भागवत ही तिची बहीण. गुणांत ती कोणापेक्षा उणी नव्हती. तरीही ती स्त्री आहे एवढ्याच कारणाने रामन यांनी तिला नाकारले. कमलाबाई मागे फिरल्या नाहीत. त्यांनी सत्याग्रहाची भूमिका घेतली आणि रामन यांना प्रवेश द्यावा लागला, तोही अपमानास्पद अटींवर. वर्षभर त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करावे लागणार होते. वर्ष संपले तेव्हा त्यांची निष्ठा आणि योग्यता पाहून रामन यांचे मत बदलले आणि संस्थेचे दार स्त्रियांना उघडले. कमलाबाईंनी पुढे १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली आणि कमला सोहोनी या नावाने मुंबईच्या विज्ञानसंस्थेच्या संचालकपदापर्यंत त्या पोहोचल्या. तो अपमान त्या विसरल्या नाहीत, आणि त्यांनी तो विसरावा अशी अपेक्षाही आपण करू नये. थोर पुरुषाचे चरित्र सांगताना त्याचा अन्याय झाकला, तर आपण आपल्या मुलींशी अप्रामाणिक ठरू.

त्यांच्या बुद्धीलाही एक मर्यादा होती, ती सांगितल्याशिवाय आजच्या विज्ञानाशी त्यांचा संबंध नीट कळणार नाही. पुंजवादाचे एक शिल्पकार मॅक्स बॉर्न यांना १९३५ मध्ये रामन यांनीच आदराने बंगलोरला बोलावले. पुढे मात्र स्फटिकातील कंपनांवरून दोघांत तीव्र वाद झाला. स्फटिकात मोजकीच ठराविक कंपने असतात, असे रामन यांचे म्हणणे; ती अखंड पट्ट्यासारखी पसरलेली असतात, हे बॉर्न यांचे. बॉर्न यांचे सहकारी केलरमन यांनी १९४० मध्ये साध्या मिठाच्या स्फटिकाचा कंपनपट मोठ्या कष्टाने गणित करून मांडला. उत्तरोत्तर मोजमापांनी बॉर्न यांची बाजू खरी ठरविली, पण रामन यांनी ती कधीच मान्य केली नाही. रामन यांचा विश्वास डोळ्यांना दिसणाऱ्या रेषेवर होता, लांबलचक गणितावर नव्हता. ज्या प्रत्यक्षनिष्ठेने त्यांना समुद्राचे रहस्य दाखविले, तिनेच येथे त्यांना अडविले.

मोजमाप आणि गणित यांची ही गाठ आज नव्या स्वरूपात पुढे आली आहे. रेणूचा वर्णपट प्रयोगाने मिळतो. पण जो रेणू अजून कोणी तयारच केलेला नाही, त्याचा वर्णपट आधी गणिताने काढता आला, तर औषधशास्त्राचे आणि रसायनशास्त्राचे केवढे काम सोपे होईल! अडचण अशी की, रेणूतील कणांचे वर्तन एकमेकांत गुंतलेले असते. प्रत्येकाच्या दोनच अवस्था धरल्या तरी १० कणांसाठी १०२४ शक्यतांचा हिशेब एकाच वेळी ठेवावा लागतो, आणि ५० कणांसाठी हा आकडा सुमारे ११२५ लाख कोटींवर जातो. एक कण वाढला की वही दुप्पट होते. म्हणूनच मोठ्या रेणूंचे अचूक गणित करताना बलाढ्य संगणकही थकतात आणि शास्त्रज्ञांना अंदाजांवर भागवावे लागते. १९८१ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी सुचविले की, निसर्ग पुंजनियमांनी चालत असेल तर त्याची प्रतिकृती करणारे यंत्रही त्याच नियमांनी चालणारे असावे. रेणूचा हिशेब वहीत लिहिण्याऐवजी रेणूसारखेच वागणारे यंत्र रचावे, अशी ही कल्पना. तबल्याचे गणित सोडवीत बसण्याऐवजी त्याच्याशी जुळवून घेतलेला दुसरा तबला वाजवून ऐकावा, तसा हा प्रकार आहे.

फाइनमन यांची ही कल्पना आता प्रयोगशाळेत उतरू लागली आहे. २०१६ मध्ये गूगलच्या शास्त्रज्ञांनी हायड्रोजनच्या रेणूची ऊर्जा आणि २०१७ मध्ये आयबीएमच्या शास्त्रज्ञांनी बेरिलियम हायड्राइडची ऊर्जा क्वांटम प्रक्रियकावर काढून दाखविली. २०२० मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी तर पाणी, ओझोन, नायट्रोजन डायऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड या लहान रेणूंच्या कंपनरेषांचे नमुने अशा प्रक्रियकावर उमटविले. अतिथंड धातूच्या पोकळीत बंदिस्त केलेल्या सूक्ष्मतरंगांना त्यांनी रेणूच्या कंपनांची भूमिका दिली होती. या यंत्रांच्या हातून अद्याप पुष्कळ चुका होतात, आणि एवढ्या लहान रेणूंचे गणित साधे संगणकही करू शकतात, हे खरे आहे. तरी वाट मोकळी झाली आहे. आपल्या देशाने २०२३ मध्ये सुमारे ६००० कोटी रुपयांची राष्ट्रीय क्वांटम मोहीम मंजूर केली. २०२४ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेल्या सहा क्यूबिटांच्या प्रक्रियकाची चाचणी पूर्ण झाली. या कामात संरक्षण संशोधन संघटनेची पुण्याची प्रयोगशाळा सहभागी होती. नारकुंडा बोट जेथे लागली, त्याच मुंबईत हे काम चालले आहे, याचा आम्हांस विशेष आनंद वाटतो.

१९४८ मध्ये निवृत्त झाल्यावर रामन यांनी बंगलोरलाच स्वतःची संशोधनसंस्था उभारली. सरकारी अनुदानाबरोबर सरकारी बंधने येतील, म्हणून त्यांनी ते टाळले. १९५४ मध्ये भारतरत्न हा सर्वोच्च किताब मिळाल्यानंतरही त्यांचे लक्ष फुलांच्या रंगांत, रत्नांच्या तेजात आणि मुलांपुढे व्याख्याने देण्यात गुंतलेले असे. २१ नोव्हेंबर १९७० रोजी त्यांचे देहावसान झाले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे संस्थेच्या बागेतच त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. १९८७ पासून २८ फेब्रुवारी हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो.

मंडळाच्या या सुवर्णमहोत्सवी वर्षात छावणीतील आमच्या तरुण पिढीपुढे हे चरित्र ठेवताना आम्ही एवढेच सांगू इच्छितो की, बदली, परका प्रांत, अपुरी साधने ही विद्येच्या आड येणारी कारणे नव्हेत. रंगून आणि नागपूर येथील बिऱ्हाडात ज्याने उपकरणे मांडली, त्याने हे सिद्ध करून ठेवले आहे. मुलींना तर आम्ही असे सांगू की, दार बंद दिसले तर कमलाबाईंचे स्मरण करा आणि उंबरठ्यावरून हलू नका. पुढील पन्नास वर्षांत नव्या औषधाचा रेणू कुपीत उतरण्याआधीच त्याचे स्वर ऐकणारे यंत्र कोणी सिद्ध करील. ते काम करणाऱ्यांत आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात बालपणी नाटुकल्यात उभे राहिलेले एखादे मूल असावे, ही आमची श्रीगजाननाच्या चरणी प्रार्थना आहे. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या पवित्र स्मृतीस आम्हां सर्वांचे विनम्र अभिवादन.